ताईच्या खिडकीची काच

गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडची एक लांबलचक रांग होती आणि तिच्या अगदी टोकाला भिंगचं दुकान होतं. भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. काचेची कड घासून झाली की तो खिशातून भिंग काढायचा, एका डोळ्याला लावायचा आणि ती कड इंच इंच तपासायचा. केसाएवढी चीर दिसली तरी अख्खी काच बाद. शेजारच्या वेल्डरांनी आणि रंगाऱ्यांनी मिळून त्याला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे पुढे त्याच्या बायकोच्याही तोंडी यायला लागलं.

कंपनीच्या गाडीला कंपनीची काच मिळते. भिंगकडे यायच्या त्या ज्यांना कुठेच काच मिळत नाही अशा गाड्या: फिरता दवाखाना, कुत्री वाहून नेणारी गाडी, शववाहिका, एखाद्या हौशी माणसाने भंगारातून उचललेली आजोबांच्या काळातली मोटार. पत्रा कुठे कापायचा, खिडकीचा कोपरा किती गोल ठेवायचा, हे सगळं आधी पुठ्ठ्याच्या फर्म्यावर ठरायचं. फर्मा लावून बघायचा, उतरवायचा, जरासा छाटायचा, पुन्हा लावायचा. कारण हिरकणीने कापलेली काच एकदा भट्टीत जाऊन कडक होऊन आली की मग तिच्यात सुताचाही फरक करता येत नाही. करायला गेलं तर मिठाच्या खड्यांसारखा तिचा ढीग होतो.

प्लॅस्टिकचा त्याला मनापासून तिटकारा होता. गिऱ्हाइकाने मागितलं तर तो बसवून द्यायचा, पण पाहुण्याला शिळं वाढावं तसा चेहरा करून. ते ओरखडतं, उन्हाने पिवळं पडतं, पेट्रोलचा थेंब उडाला तरी डागाळतं, हे तो न विचारता सांगायचा. काही गाड्यांना प्लॅस्टिकच बरं असतं हेही त्याला ठाऊक होतं, पण ते विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

त्याची ताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याच्या वेण्याफण्या सोडून बाकी सगळं ताईनेच केलं, असं ती हसून सांगायची. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा तिने त्याला हाताला धरून एका म्हाताऱ्या काचकाऱ्याकडे नेऊन बसवलं. ती स्वतः टेलिफोन खात्यात होती. कानाला यंत्र लावून ती सत्तावीस वर्षं ज्या खोलीत बसली त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर काळोख पडलाय की ऊन आहे हे लोकांच्या बोलण्यावरून ओळखायची.

ताईचे यजमान, म्हणजे दाजी, वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची वजनं तपासायची, खोटी निघाली की जप्त करायची. माणूस सरळ, पण सरळपणाचा जाच व्हावा इतका. घरातही त्यांचं निरीक्षण चालूच असायचं. दूध किती उतू गेलं, ताई कुठलं वाक्य चुकीचं बोलली, कुठला दिवा विनाकारण जळतोय. लग्न झालं तेव्हा अठरा वर्षांच्या मेव्हण्याला त्यांनी पहिल्या दिवशीच 'तुम्ही' म्हटलं आणि चाळीस वर्षांत ते 'तू'वर आलं नाही. दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर एकदाचं मिटलं तरी असतं. त्याऐवजी चालायची ती कुरघोडी. भिंगने काही सांगितलं की दाजी त्यात दुरुस्ती करायचे, आणि भिंग ती दुरुस्ती खोटी पडायची वाट बघत बसायचा.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी दाजींनी पार्सल वाहणारी एक जुनी बंद गाडी घेतली. तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून वर्षातले सहा-आठ महिने रस्त्यावरच राहायचं, असा बेत. कल्पना दाजींची. ताईने एवढंच मागितलं की पलंगाशेजारी एक खिडकी हवी, चांगली लांबरुंद, पडल्या पडल्या बाहेर दिसेल अशी.

खिडकी म्हटल्यावर गाडी भिंगच्या दारात येणारच. आली तेव्हा दाजींच्या हातात वही होती. गाडीत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन त्यांनी त्यात लिहिलं होतं, पार चमच्यांपर्यंत.

"काच लावली तर सोळा किलो," दाजी म्हणाले. "प्लॅस्टिक आठाच्या आत. आपण प्लॅस्टिक लावू."

"आठ किलोसाठी ताईने ओरखड्यांतून बघायचं का?"

"आणि खड्ड्यात आदळून काच हिच्या अंगावर आली तर?"

"कडक केलेली काच आहे, दाजी. फुटली तरी बोथट खडे होतात. कापत नाही."

"फुटते, हे तुम्हीच कबूल केलंत," दाजी म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

भिंगने ताईकडे पाहिलं. ती काचेच्या रिकाम्या खोक्यावर बसली होती. दोघांच्या मध्ये बसून तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कुठे बोलायचं नाही हे तिला पक्कं कळत होतं. ती म्हणाली, "मला बाहेरचं दिसल्याशी कारण. काय लावायचं ते तुम्ही बघा."

प्लॅस्टिक लागलं. काम भिंगने चोख केलं, त्यात कसूर नाही. प्लॅस्टिक उन्हात फुगतं म्हणून चारी बाजूंनी नेमकी फट सोडली, वर रबरी पट्टी बसवली, ओरखडू नये म्हणून दोन्ही बाजूंना चिकटवून येणारा कागद शेवटी ताईच्या हातून सोलून घेतला. कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, साबणाच्या पाण्याने धुवायचं, हेही समजावलं. आणि गाडी निघताना दाजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "वर्षभरात याल परत."

वर्षावर चार महिने गेले. ताईचे फोन यायचे. आज नदीकाठी थांबलोय, आज मिठागरांजवळ, सकाळी उठल्या उठल्या पांढरे पक्षी दिसले. मग फोनवरचं बोलणं हळूहळू बदललं. खिडकीवर वाफ धरल्यासारखं वाटतं म्हणाली. तिन्हीसांजेला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली. डोकंही जड होतं, पण ते प्रवासाने होत असेल. भिंगने ऐकलं आणि, खोटं कशाला सांगायचं, त्याला आतून बरं वाटलं.

दाजी रोज सकाळी ती खिडकी धुवायचे. साबण बदलून पाहिला, फडकं बदलून पाहिलं, चकाकी आणायची मलमं आणून घासून पाहिली. ते बाहेर उभे राहून घासायचे आणि आतून ताई सांगायची, अजून नाही, अजून धूसरच आहे. शेवटी नाइलाजाने गाडी वळवून ते भिंगच्या दारात आले. गाडीतून उतरले, खिडकीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "बघा जरा. गेलं बहुतेक."

भिंगने रबरी पट्टी सोडवली, प्लॅस्टिकचा पत्रा मोकळा केला आणि दारातल्या उजेडात टेबलाला टेकवून उभा ठेवला. खालच्या कडेला, जिथे पडद्याची कडी घासायची, तिथे बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. चकाकीच्या मलमाचे दोन-चार गोल वळ होते. बाकी मधला सगळा भाग स्वच्छ. त्याने त्यातून पलीकडच्या फळीवर पाहिलं. फळीवरच्या डब्यावरची बारीक अक्षरं त्याला एकही न चुकता वाचता आली. त्याने भिंग काढून पत्रा कोपऱ्याकोपऱ्यातून तपासला, कारण हात सवयीने खिशात गेलाच, आणि भिंग परत खिशात ठेवलं.

मग ताईला धूसर का दिसतं?

हा प्रश्न त्याच्या मनात आला. आला नाही असं पुढे त्याने कधी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. पण तेवढ्यात मागून दाजींनी विचारलं, "गेलंय ना?" आणि त्या आवाजात असं काही होतं जे भिंगने चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. माणूस हरला होता. भिंगने अंगठा खालच्या ओरखड्यांवर फिरवला, ते दाजींना दिसतील असा पत्रा कलता केला आणि म्हणाला, "जाणारच होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं."

काच बसायला आठ दिवस लागले. फर्मा, कापणी, कडा, भट्टी. तिची एक कड त्याने तीनदा घासली. एरवी तो हातभर तुकडाही पुढे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवायचा, पण ताईच्या खिडकीतून काढलेलं प्लॅस्टिक त्याने त्याच दिवशी पट्ट्या-पट्ट्या चिरून कचऱ्याच्या गाडीत दिलं. का दिलं ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

नव्या काचेशेजारी ताई बसली. बराच वेळ बाहेर बघत राहिली. समोरच्या शेडमध्ये रंगारी एका बसला निळा पट्टा मारत होता.

"दिसतंय ना आता?" भिंगने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "आता छान दिसतंय."

दाजींनी वही उघडली, आठाचा आकडा खोडला आणि सोळा लिहिला. मग भिंगला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." एवढेच तीन शब्द. त्या दिवशी भिंग घरी गाणं गुणगुणत गेला. बायकोने विचारलं, काय लागलंय हाती? तो म्हणाला, काही नाही, ताईचं काम झालं.

सात महिन्यांनी दाजींचा फोन आला. ताई गाडीच्या पायरीवरून पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण पायरी दिसलीच नाही असं ती म्हणत होती आणि डॉक्टरांनी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं होतं. भिंग धावत गेला. डोळ्यांच्या डॉक्टर एक मध्यम वयाच्या बाई होत्या, घाई न करता बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, काचबिंदू. भिंगला पहिल्यांदा त्या शब्दातली नुसती काचच ऐकू आली आणि त्याला वाटलं, डोळ्यात काच गेली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची शीर सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने टिकवायची असते. ताईचा डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्याने तिला एखाद्या नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, धूसर दिसणं, दिव्यांभोवती कडी, डोकं जड होणं, असं काही होत होतं का, आणि कधीपासून?

दाजी म्हणाले, "दीड वर्ष झालं असेल. पण ती खिडकी होती, डॉक्टर. प्लॅस्टिकची खिडकी होती."

डॉक्टरांना काही कळलं नाही. दाजींनी सगळं सांगितलं: साबण, मलमं, सोळा किलो, आठ किलो. डॉक्टरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुरुवातीलाच दाखवलं असतंत तर बरंच वाचलं असतं." भिंग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभा होता. सगळ्यात खालची ओळ त्याला तिथूनही स्पष्ट दिसत होती.

गाडी विकली. ताई आणि दाजी आपल्या दोन खोल्यांच्या घरात परत आले. आणि दाजी बदलले. भिंतीला धरून चालणाऱ्या बायकोला ते हाताला धरून नेऊ लागले. घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घालायचे. सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, जाहिरातींसकट. आल्यागेल्याला सांगायचे, चूक माझी आहे, मी आठ किलो वाचवायला गेलो. प्लॅस्टिक घेतलं नसतं तर काचेतून धूसर दिसतंय म्हटल्यावर मला लगेच कळलं असतं.

भिंग हे ऐकायचा आणि पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावायचा. महिनाभर तो नीट जेवला नाही. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिथे जाऊन सांगा."

तो गेला तेव्हा दाजी औषध आणायला बाहेर पडले होते. ताई खाटेवर बसून वाटाणे सोलत होती. शेंग बोटांनी चाचपायची, शिवण सापडली की अंगठा घालायची.

"ताई," तो म्हणाला, "ते प्लॅस्टिक चांगलं होतं. मी बघितलं होतं. आरपार स्वच्छ दिसत होतं."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली.

त्याला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. पण तिने ऐकलं होतं.

"काच बसवलीस त्या दिवशीच मला कळलं. काच नवी कोरी आणि धूसर तेवढंच. म्हणजे खिडकी नव्हे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास. बोलले असते तर तुम्ही दोघं परत पहिल्यापासून सुरू झाला असतात." तिने एक शेंग चाचपली, किडकी लागली, बाजूला ठेवली. "आणि गाडी तिथेच थांबली असती. मला अजून फिरायचं होतं. एवढं लवकर जाईल असं वाटलं नाही."

भिंगला रडू आलं. तिने त्याला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. वाटाणे सोलत राहिली. थोड्या वेळाने तो डोळे पुसून म्हणाला की दाजी आले की त्यांना सांगतो, उगाच स्वतःला दोष देत बसलेत.

"नाही. त्यांना सांगायचं नाही."

"का?"

"चाळीस वर्षं या माणसाने माझ्या चुका मोजल्या. आता स्वतःची एक सापडलीय, तर हात धरतात, पेपर वाचतात, आवाज चढवत नाहीत. तू खरं सांगितलंस की ती चूक तुझी होईल आणि हे पहिल्यासारखे होतील. तुला मोकळं वाटेल रे. पण राहायचं मला आहे यांच्याबरोबर."

तिने हे रागाने सांगितलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. दारात दाजींच्या चपलांचा आवाज आला तसं तिने वाटाण्यांचं भांडं पुढे केलं आणि मोठ्याने म्हणाली, "आलात? बघा बरं, किडका आलाय का एखादा यात."

भिंगने तोंड बंद ठेवलं. पण शिक्षा तिथे संपली नाही. दुपारी ताई झोपली की दाजी दुकानात येऊन बसायला लागले. त्याच रिकाम्या खोक्यावर. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आपली गोष्ट सांगायचे, बायकोच्या डोळ्यांपर्यंत सगळी, आणि शेवटी भिंगकडे बोट दाखवायचे: "हे सांगत होते. मी ऐकलं नाही. काचच घ्या." चाळीस वर्षं भिंगला जे ऐकायचं होतं ते आता रोज, परक्या माणसांसमोर ऐकायला मिळत होतं. तो ग्राइंडर चालू करायचा, म्हणजे कमी ऐकू येईल.

असेच सहा-सात महिने गेले. मग एक बाई आल्या. त्यांची मतिमंद मुलांची शाळा होती आणि मुलांना आणण्यासाठी त्या एक लहान गाडी बांधून घेत होत्या. प्लॅस्टिकच लावायचं त्यांनी ठरवलं होतं. एक मुलगा बसल्या बसल्या खिडकीवर डोकं आपटतो म्हणाल्या. दाजींनी खोकं पुढे ओढलं आणि गोष्ट सुरू केली. बाई ऐकत गेल्या, त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या भिंगकडे वळल्या. "मग काचच घेऊ का?"

भिंगने त्या गाडीकडे पाहिलं. ठेंगणी गाडी, खिडक्या बरोबर मुलांच्या डोक्यांच्या उंचीला.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही प्लॅस्टिकच घ्या. जाड घ्या. नीट धुतलं तर पाच-सहा वर्षं काही होत नाही त्याला."

बाई मापं देऊन गेल्या. दाजी जागचे हलले नाहीत.

"पाच-सहा वर्षं," ते म्हणाले. "मग आमचं दीड वर्षात कसं गेलं?"

भिंग पुठ्ठ्यावर रेघ मारत होता. त्याच्या ओठांवर उत्तर यायला हवं होतं, कुठलंही, ऊन, धूळ, मलमं, काहीही चाललं असतं. आलं नाही. दाजी त्याच्याकडे बघत राहिले. खोटं वजन हातात घेतल्याबरोबर ओळखणारा माणूस तो, आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं त्यांनी. ते उठले, छत्री घेतली आणि रांगेच्या कडेकडेने, वेल्डरांच्या ठिणग्या चुकवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "काय बोललास त्यांना?"

"काही नाही."

"काल आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. पेपर तसाच पडलाय." मग म्हणाली, "एवढंही राहू दिलं नाहीस तू मला." आणि फोन ठेवला.

दाजी दुकानात परत आले नाहीत. त्यांनी भिंगला काही विचारलंही नाही. ताईच्या डोळ्यांत थेंब मात्र ते अजून घड्याळ लावून घालतात, एक मिनिट इकडेतिकडे होऊ देत नाहीत, पण हात धरत नाहीत. दार लावून आतल्या खोलीत बसतात.

आता भिंग दुपारी दुकान बंद करून ताईकडे जातो आणि पेपर वाचून दाखवतो. त्याचं वाचन अडखळतं, मोठे शब्द तो गाळतो. ताई ऐकून घेते. मध्येच विचारते, आत काय करतायत ते? भिंग उठतो, दार जरासं लोटून बघतो. दाजी खुर्चीत ताठ बसलेले असतात आणि त्याच्याकडेच बघत असतात.

"झोपलेत," तो परत येऊन सांगतो, आणि पुढची बातमी वाचायला घेतो.